उंबऱ्यापुढच्या पट्ट्या

चाबीबाबांना खाटेपासून घराच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर कापायला कधी कधी अर्धा तास लागे, आणि खांडबाऱ्याच्या रेल्वेलाइनवर तेच बाबा मला धापा टाकायला लावत. हे वाक्य मी नाशिकच्या एका सभेत म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांचं काय झालं ते पुढे येईलच. स्वतःची फजिती चारचौघांत सांगायची मला जुनी खोड आहे. ही एक मात्र कितीदाही सांगितली तरी अंगावरून उतरत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. नंदुरबारला दोन खोल्यांचा दवाखाना आहे. पाटीवर माझा हुद्दा लांबलचक लिहिलाय, पण लोक 'मालिशवाला डाक्टर' म्हणतात आणि मीही ओ देतो. बाबा माझ्याकडे आले ते कंपवात घेऊन. गोळ्यांनी हातांची थरथर कमी झाली होती, पण पाय ऐकत नव्हते. मन 'चल' म्हणे, धड पुढे झुके आणि तळवे मात्र जमिनीला चिकटलेले. दार आलं, वळण आलं की हटकून.

रेल्वेत ते चाबीवाले होते. रोज आपल्या हद्दीतल्या रुळांमधून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाब्यांवर हातोडी मारत जायचं. खणखणीत वाजली तर घट्ट, बद्द वाजली तर ढिली. ढिली असेल ती ठोकून बसवायची. निवृत्त झाले तरी बोटांना ती सवय होतीच. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी माझं टेबल ठोकलं, मग चालायचं नवंकोरं मशीन ठोकलं, शेवटी हात लांब करून भिंतीवरची माझ्या पदवीची फ्रेम ठोकली. कान देऊन ऐकलं आणि बायकोला म्हणाले, "ढिली शे."

आजी पदर तोंडाला लावून हसल्या. घरात ती दोघं मावची बोलत. माझ्याशी बोलताना रेल्वेच्या गँगमधली आणि बाजारातली अहिराणी काढत.

मी त्यांना मोबाइलवरच्या टकटकीवर चालायला लावलं. टकटक चालू झाली, बाबा उभे राहिले आणि उभेच राहिले. "पाय नही चुकत डाक्टर," ते म्हणाले, "जमीन चुकस." मी ते हसण्यावारी नेलं. माझी ही पहिली चूक.

महिन्याभराने आजींचा फोन आला. "बुढा रोज लाइनवर जास. माले सांगस, तठे मन्हा पाय चालतस. तू ये आनि समजाड त्याले."

मी गेलो. त्यांच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे भराव, भरावावर लाइन. बाबा दोन्ही रुळांच्या मधून चालत होते. पाठ ताठ, पाऊल मोजलेलं, प्रत्येक पाऊल नेमकं स्लीपरवर. रुळांखालच्या त्या आडव्या ठोकळ्यांना ते सिलीपाट म्हणत. सपाट जमिनीवर अडकणारा पाय डोळ्यांसमोर आडवी रेघ आली की ती ओलांडायला उचलला जातो, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. माणसाच्या पायात ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शहाण्या माणसाने त्यांना तिथल्या तिथे खाली आणलं असतं. मी मोबाइल काढला. त्यांच्यापुढे रुळांतून उलटा चालत मी चित्रण करू लागलो. "मस्त बाबा! अजून थोडं! इकडे बघा!"

बाबा अचानक थांबले. बुटाचा तळवा रुळाला लावला. "गाडी यी ऱ्हायनी. उतर."

मला काही ऐकू येत नव्हतं. मग वळणाआड शिट्टी झाली. मी टुणकन बाजूला उडी मारली, आणि बघतो तो बाबा जागच्या जागी. सरळ चालायला स्लीपर होते. बाजूला वळून रूळ ओलांडायला काहीच नव्हतं. पाय चिकटले होते. मी परत आत धावलो आणि त्यांचे दोन्ही हात धरून ओढू लागलो. अडकलेल्या माणसाला ओढायचं नसतं, ओढलं की तो जास्त घट्ट होतो, हे मी दवाखान्यात नातेवाइकांना रोज ओरडून सांगतो.

"वढू नको," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत, पोराला शिकवावं तसा. "मन्हा पायपुढे तुन्हा पाय आडवा ठेव."

मी ठेवला. त्यांनी माझ्या बुटाकडे पाहिलं, पाय उचलला आणि तो ओलांडला. पुन्हा ठेवला, पुन्हा ओलांडला. मग रूळ, मग खडी. आम्ही भरावाच्या उतारावर येऊन बसलो तेव्हा इंजिन वळणावर दिसलं. मी दोन्ही हातांनी उतारावरचं गवत घट्ट धरून ठेवलं होतं.

बाबांनी मात्र हात वर केला. डबे धडधडत गेले आणि शेवटच्या डब्याच्या दारातून गार्डाने हात वर केला.

"तो ओळखतो तुम्हाला?"

"नही. आपण हात दाखाडा तं गार्ड दाखाडस. नही तं तो बी नही."

तिथेच आमचा करार झाला. बाबांनी लाइनवर पाय ठेवायचा नाही. बदल्यात मी त्यांच्या खाटेपासून थेट अंगणाच्या कुंपणापर्यंत पट्ट्या आखून द्यायच्या, म्हणजे संध्याकाळच्या पॅसेंजरला तिथून हात दाखवता येईल. दुसरं काही त्यांनी मागितलं नाही. आजी लागेल तेवढा आधार द्यायला तयार होत्या, पण गाडीपुढे कोणाच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहणं बाबांना मान्य नव्हतं.

मी मोठ्या झोकात पिवळी चिकटपट्टी घेऊन गेलो आणि माझ्या ढांगेच्या मापाने अर्ध्या घरात पट्ट्या चिकटवल्या. बाबा पहिलीवरून दुसरीकडे बघत राहिले. "हाई तुन्हं माप शे." मग खिशातून सुतळीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. एका सिलीपाटापासून दुसऱ्यापर्यंतचं माप, कधीतरी घेऊन ठेवलेलं. सगळं उचकटून त्या मापाने पुन्हा चिकटवलं. संध्याकाळपर्यंत खाट ते चूल आणि खाट ते उंबरा तयार झाला. बाबा खाटेवरून उठले आणि उंबऱ्यापर्यंत एका दमात आले. आजींनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

अंगण राहिलं. सारवलेल्या मातीवर पट्टी चिकटत नव्हती, तिथे चुन्याच्या रेघा लागणार होत्या. "सोमवारी चुना घेऊन येतो," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी ते चित्रण एकाला पाठवलं, त्याने दुसऱ्याला, आणि मला नाशिकहून बोलावणं आलं. सोमवार भाषण लिहिण्यात गेला. पुढचा सोमवार नवा कोट शिवण्यात. तिसऱ्या सोमवारी मी नाशिकला होतो. पडद्यावर बाबा चालत होते, मी ते पहिलं वाक्य म्हटलं आणि टाळ्या पडल्या. गाडीचा भाग मी कापून टाकला होता.

परत आलो तेव्हा बाबा खाटेवर होते, खुब्याचं हाड मोडलेलं. आजींनी सांगितलं ते असं: पॅसेंजरची शिट्टी झाली की बाबा उठत, पट्ट्यांवरून उंबऱ्यापर्यंत जात आणि शेवटच्या पट्टीवर थांबत. तिथून शेजारच्या कडब्याच्या गंजीमुळे गाडी दिसत नाही. तरी हात वर करत. गार्डाला ते दिसत नसणार. रोज आजींना विचारत, "सोमवार उना का?" लाइनवर मात्र एकदाही गेले नाहीत. मग एका संध्याकाळी रेघ नसताना अंगणात पाय टाकला आणि पडले.

मी खाटेजवळ बसलो. माफी मागायला शब्द जुळवत होतो, भाषणासारखे. बाबांनी हात उचलला, थरथरत्या बोटाने माझ्या छातीवर दोनदा ठोकलं, आणि कान दिला.

"ढिली शे," ते म्हणाले. हसून म्हणाले. म्हणून तर अजून ऐकू येतं.

ते पुन्हा उठले नाहीत. पावसाळा सरता सरता गेले. चर्चमागच्या जागेत मूठमाती देताना मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

त्यानंतर महिना झाला असेल. आजींचा फोन आला. "डाक्टर, अंगणनं काम ऱ्हायेल शे."

मला वाटलं, टोमणा आहे. तो मला पोचत होता. "आजी, आता..."

"गाडी शिट्टी देस ना, तवय तो तठे उभा ऱ्हास. पट्टी सरी जास तठे. ये आनि पुरं कर."

मी विज्ञान शिकलेला माणूस. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुन्याचा डबा घेऊन हजर होतो. आजींनी सुतळी जपून ठेवली होती. उंबऱ्यापासून गुडघ्यांवर सरकत, सुतळी लावून, एकेक रेघ मारत मी कुंपणापर्यंत गेलो. बावीस झाल्या. दीड तासाचं काम. तेवढ्यासाठी मी तीन सोमवार घेतले होते.

शेवटची रेघ मारून मी तिथेच घाम पुसत बसलो, आणि वळणाआड शिट्टी झाली. मागे वळून पाहिलं. आजी दारात उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. आतून कोणी येताना दाराशी उभं असलेलं माणूस जसं अंग चोरून वाट देतं, तशा.

मग माझ्यावर ओरडल्या, "डाक्टर, सरक ना! वाटमा बसेल शे तू!"

गाडीपुढून मी जितक्या घाईने उडी मारली होती, त्याहून घाईने रेघ सोडून बाजूला झालो. पॅसेंजर आली. डबे धडधडत गेले. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता.

आजींचे दोन्ही हात पदरात होते. माझ्या एका हातात चुन्याचा डबा होता, दुसऱ्यात सुतळी.

गार्डाने आमच्या कुंपणाकडे पाहिलं आणि हात वर केला.