दोघी बहिणींच्या रक्ताची चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला लिहितानाही हात थांबतोय — कुठून सुरुवात करू?

विलासपासून करते. विलास माझा धाकटा भाऊ. धसईजवळच्या आमच्या गावात त्याच्या पोटऱ्यांचं कौतुक व्हायचं. आठ वर्षांचं पोर आणि पोटऱ्या पैलवानासारख्या! पण पळताना तो पडायचा. उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठायचा. नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी मुरबाडला बारावी सायन्स केलेली, म्हणून बाबांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर शांतपणे सांगत होते, अर्धं इंग्रजीत. स्नायू रोजच थोडाथोडा फाटतो — सगळ्यांचाच. मग शेजारच्या निजलेल्या पेशी जाग्या होतात. कोणतं जनुक कधी चालू व्हायचं, कधी बंद, हे ठरलेलं असतं, आणि फाटलेलं सांधलं जातं. विलासच्या अंगातही सांधणं चालूच होतं. पण एक जनुकच बिघडलेलं, त्यामुळे नवा धागाही कच्चाच व्हायचा, परत तुटायचा. सांधता सांधता त्या पेशी थकणार होत्या. मग चाकाची खुर्ची. मग... पुढचं मला कळलं.

आणि मग ते म्हणाले, हा दोष बहुतेक वेळा आईकडून येतो. बहिणींमध्येही असू शकतो — त्यांना सहसा काही जाणवत नाही, पण त्यांच्या मुलग्यांना हाच आजार होऊ शकतो. दोघी बहिणींचं रक्त तपासून घ्या. चिठ्ठी त्यांनी माझ्याच हातात दिली.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हनला गो डॉक्टर?"

माझं लग्न ठरलेलं होतं, शहापूरचं स्थळ. असली मुलगी कोण करून घेईल? — एवढंच डोक्यात घुमत होतं. मी म्हटलं, "जन्माचा अशक्तपना हाय. औषध नाय त्याला." कल्याणच्या स्टँडवर बाबा विलाससाठी केळी घ्यायला गेले, तेवढ्यात मी चिठ्ठी फाडली.

माझी थोरली बहीण, सुनंदाताई, तेव्हा नुकतीच शेणव्याला नांदायला गेली होती. वर्षभरात तिला मुलगा झाला.

इथवर मी भित्री होते, असं म्हणता येईल. पण पुढचं? लग्नानंतर मूल व्हायच्या आधी मी विलासची फाईल घेऊन एकटीच गेले आणि माझं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट आणायलाही एकटीच गेले. माझ्यात दोष निघाला नाही. परतताना एसटीत मी रडले — सुटल्यासारखी. त्याच आठवड्यात ताई माहेरी भेटली. मांडीवरच्या पोराला थोपटत म्हणाली, "आता दुसरं होऊ द्यावं म्हनते."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मग पहिली चिठ्ठी कुठे गेली, तेही सांगावं लागलं असतं ना?

"होऊ दे की," मी म्हटलं.

दुसराही मुलगाच. थोरला पाच वर्षांचा झाला आणि मांड्यांवर हात टेकत उठायला लागला. मग काही वर्षांनी धाकटाही. विलास तोवर अंथरुणाला खिळलेला. ताई दोघांना घेऊन माझ्याकडे आली, चहा तसाच ठेवून म्हणाली, "तू सायन्स शिकलेली, तुला कळतं. हे पोटात होते तेवा मी भाताच्या आवणीला चिखलात वाकले, दोन्ही टायमाला. सासू नको म्हनत होती. त्यानंच झालं का गो असं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पोरं दारात बसलेली.

मी म्हटलं, "असंल."

पुढच्या खेपेला तिनंच सांगितलं — घरी जाऊन तिनं सासूचे पाय धरले होते, माफी मागितली होती. मी ऐकून घेतलं.