तोतया काटा

एटापल्लीच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाई नसत्या तर मी दहावीच्या पुढे गेलो नसतो. आमच्या घरात पदवी घेणारा मीच पहिला. बल्लारपुरातली नोकरीही बाईंच्या शब्दावर मिळाली. मालक त्यांच्या माहेरचे शेजारी.

एका चुनखडीच्या खाणीसाठी आम्ही वजनकाट्याचा प्रोग्रॅम करत होतो. प्रोग्रॅम जावामध्ये, त्याच्या चाचण्या पायथनमध्ये. दोन्ही भाषांना जोडणारा पूल माझ्या वरच्या सहकाऱ्याने बसवलेला. ऑफिसात काटा कुठून आणणार? म्हणून चाचणी सुरू झाली की खऱ्या काट्याचं वजन वाचणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, म्हणजे क्लासच्या, जागी आम्ही तोतया क्लास बसवायचो. तोतयाने जास्त वजन सांगितलं की प्रोग्रॅमने ट्रक अडवायचा. तो अडवत होता. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास.

मला ते हिरवं पटेना. माझं काहीच कधी पहिल्या झटक्यात चाललं नव्हतं.

"हिरवं पाहून पोटात काऊन दुखते बे तुह्या?" सहकारी हसला आणि जेवायला गेला.

मी तोतयाला शून्य वजन सांगायला लावलं. तरी प्रोग्रॅमने ट्रक अडवला. चाचणी हिरवीच!

मग वजन सांगतंय कोण? आधी सहकाऱ्याचाच संशय आला. त्याच्या चाचण्या ओळ न ओळ वाचल्या, लबाडी नव्हती. तोतया फक्त पुलाच्या पायथनकडच्या बाजूला बसला होता. जावाकडे खराच क्लास काम करत होता. त्याला काट्याची वायर जोडलेली नव्हती, म्हणून खाणीवरून नमुन्याला आणून साठवलेलं एका जादा भरलेल्या ट्रकचं वजन तो पुन्हा पुन्हा सांगत होता. म्हणजे खाणीवर वायर निघाली, तर एका ट्रकचं वजन दुसऱ्याच ड्रायव्हरच्या माथी बसणार.

मालकांना सांगितलं. ते भडकले.

"उद्या बसवतो म्हणून खाणीवाल्याले जबान देल्ली मी. अन् तू कालचा पोरगा मले थांब म्हणून राह्यला?"

"साहेब, एकदा पाहून तर घ्या."

"घरी जाय. बाईलेच इचारतो, असा कसा पोरगा धाडला म्हणून."

मी खोलीवर आलो आणि पत्र लिहून लगेच टपालात टाकलं.

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार. मालक तुमच्याकडे माझी तक्रार करतील. मी काम अडवलं, हे खरं आहे. उद्या नोकरी राहील की नाही, माहीत नाही. तुमच्या शब्दाला माझ्यामुळे कमीपणा आला, याचं फार वाईट वाटतं. तरी मी माझं म्हणणं मागे घेणार नाही. माझी बाजू घेऊ नका. मालकांना फक्त एवढंच विचारा, वायर काढून पाहिली का?
तुमचा विद्यार्थी