आईचा प्रश्न, माझ्या तोंडून

मी एदोगावा या जपानी उपनगरातल्या एका भारतीय शाळेच्या लायब्ररीत काम करते. तिथे कुणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडतं. मागच्या वर्षी मुख्याध्यापिकांनी सांगितलं की अमेरिकेतून आलेले एक कवी एक सकाळ आपल्या शाळेला देणार आहेत. मोंटानातले, क्रो या मूळ अमेरिकन जमातीचे. घोडे आणि गुरं पाळणारे काउबॉय, आणि तीस वर्षं शाळेत शिक्षक. त्यांची एक कविता मुलांच्या घरच्या भाषांमधून वाचायची होती. हिंदी आणि तमिळला शिक्षक होते. मराठीसाठी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी दहा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून ग्योतोकूला आलो. माझी शाळा इथेही इंग्रजी आणि तिथेही इंग्रजीच. मराठी मी वाचते, पण पाटी वाचावी तशी, अडखळत. हे तिथल्या तिथे सांगायचं सोडून मी "हो" म्हणाले.

कविता बर्फातल्या एका रात्रीची होती. आजोबा आणि नातू कंदील घेऊन गोठ्यात बसलेत आणि गाय अडली आहे. मी लिहिलं, "गाईने वासराला जन्म दिला." आईने भाजी चिरता चिरता ते वाचलं.

"ही काय शाळेची नोटीस आहे? गाय व्याली, असं म्हण."

"मग तूच लिही ना."

आईने हात पुसले आणि खरंच लिहायला बसली. ती मिरजेजवळच्या गावात म्हशींच्या मागे वाढलेली. इथे आल्यापासून कचऱ्याच्या वेळापत्रकातली कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, हीसुद्धा ती मला विचारून वाचते. त्या दिवशी मात्र मी तिला इंग्रजी ओळींचा अर्थ सांगत होते आणि ती थांबून थांबून, ओठ हलवत लिहीत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "वार पडली की नाही, ते लिहिलंच नाहीये यांनी."

"म्हणजे काय?"

"वासरामागून पडते ती. ती पडेपर्यंत कुणी झोपायला जात नाही गं. विचार त्यांना."

मी तिचा कागद टाइप केला आणि खाली माझं नाव घातलं. तेव्हा त्यात काही वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. घातल्यावर मी ते दोनदा वाचलं.

ते आले तेव्हा दारातच पाच मिनिटं गेली, कारण त्यांचे उंच बूट निघेनात. शेवटी दोन मुलांनी ओढून काढले. शाळेच्या सपाता त्यांच्या पायांना अर्ध्याच पुरल्या. तसेच ते स्टेजवर गेले. त्यांनी सांगितलं की त्यांना आजोबांनी वाढवलं आणि शाळेत गेल्यावर स्वतःची भाषा बोलल्याबद्दल त्यांना कोपऱ्यात उभं केलं जाई. मोठेपणी त्याच शाळेत ते तीच भाषा शिकवायला लागले. घोड्याचे पाय मोजायला लावून आकडे शिकवत. सकाळी गुरांना चारा घालायचा, मग वर्ग, आणि कविता हजेरीच्या कागदांच्या मागच्या बाजूला लिहायच्या. "माझी नातवंडं मला इंग्रजीत उत्तर देतात," ते म्हणाले आणि हसले. त्यांच्याबरोबर दुसरं कुणी हसलं नाही.

मी मराठी वाचली. आई ऐकायला आली होती, तिसऱ्या रांगेत, मुलांच्या पालकांमध्ये. वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "यात तुला सगळ्यात अवघड काय वाटलं?"

माझ्याकडे होता तो आईचा प्रश्न. मी इंग्रजीत म्हणाले, "वार पडली की नाही, ते तुम्ही सांगितलं नाहीत."

ते मोठ्याने हसले, वार कधी पडली ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही! पोरी, तुला गुरांतलं कळतं."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घातली, आणि लोकांना ती नम्रता वाटली.

त्यांच्याकडे सन्मान चारचौघांसमोर करतात, आणि चुकणाऱ्याची टरही चारचौघांतच उडवतात, असं त्यांनी मुलांना सांगितलं. टर उडवायला वडिलांच्या कुळातली काही ठरलेली भावंडं असतात. ती कुणाला सोडत नाहीत. मग त्यांनी पिशवीतून एक लाल-काळं ब्लँकेट काढून माझ्या खांद्यांवर घातलं. टाळ्या वाजल्या. आईही वाजवत होती.

परत येताना आम्ही तोझाई लाइनच्या लोकलमध्ये बसलो. आई माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "काय म्हणाले ते? पडली होती का?"

त्यांचं इंग्रजी तिला समजलं नव्हतं. आपला प्रश्न मी विचारला, एवढं तिला माझ्या हातवाऱ्यांवरून आणि त्यांच्या हसण्यावरून कळलं असावं.

"पहाटे पडली. कुत्र्याने पळवायच्या आत त्यांनी उचलली."

"हं. मग ठीक," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली. घरी बाबांनी विचारल्यावर म्हणाली, "हिने फार छान वाचलं."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. भाषांतर आईचं आहे, एवढंच सांगायला मला दारात तीन वेळा श्वास घ्यावा लागला. "अय्या, किती गोड! माय-लेकींची टीम!" त्या म्हणाल्या. "लायब्ररीत कविता लावायची आहे, तिच्या कार्डावर लिहा, आईच्या मदतीने." मदत मी केली होती, तिने नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यांचा फोन वाजला आणि तेच निमित्त करून मी बाहेर आले. ते कार्ड मीच छापलं, मीच लॅमिनेट केलं, मीच भिंतीवर लावलं.

पालकसभेच्या दिवशी आई माझा डबा द्यायला शाळेत आली. कार्डासमोर उभी राहून तिने पूर्ण कविता वाचली, मग खालची ओळ. शेजारी उभ्या असलेल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हीपण केलंत का हे?"

"छे हो. सगळं हिचंच. मी नुसते दोन शब्द सांगितले."

मी दोन पावलांवर होते. हातात परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा होता. काकू माझ्याकडे वळून कौतुकाने हसल्या, आणि मी म्हणाले, "थँक यू, काकू."