भागोजीचं सातवं कलम

धरमतरच्या खाडीकाठी एका गावात भागोजी म्हात्रे उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे खारबांधातला दरवाजा. भरतीला फळी खाली, की खाडीचं खारं पाणी भातात शिरत नाही. ओहोटीला फळी वर, की साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. काम एवढंच. पण कुणी विचारलंच तर पंचवीस वर्षं भागोजी एकच उत्तर द्यायचा, "हे सांगून येत न्हाय."

१९३२ च्या श्रावणात मोतीबिंदू काढायला त्याला मुंबईला जावं लागलं. गावकीने सांगितलं, जातोस तर सगळं लिहून ठेवून जा. भागोजी मराठी तिसरी शिकलेला. कागद पुरतो की नाही, अशी त्याला धास्ती होती. सहा कलमांत काम संपलं. पंचवीस वर्षांचा मान, आणि कागद निम्मा कोरा! शेवटी अक्षर मोठं काढून आपण तो भरला, असं पुढे तो स्वतःच सांगायचा.

कागद त्याने चुलतभाऊ गुणाजीच्या हाती दिला. गुणाजी गिरणी सोडून घरी आलेला. लेखी हुकमाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस.

बारा दिवसांनी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून भागोजी परतला, तर उघाडीलगतचं वेणूबाईचं भात पिवळं पडलेलं. खारं पाणी शिरलं होतं. वेणूबाई एकटी, आणि शेत तेवढंच. भागोजीने गुणाजीला फैलावर घेतलं. त्याने शांतपणे कागद काढला.

"तू लिवलंस तसंच केलं. तिसऱ्या खुणेवर पानी आलं, फळी काढली."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघं बांधावर गेले. बाहेरचं पाणी उतरत दरवाजाच्या खांबावरच्या तिसऱ्या खुणेवर आलं. भागोजी दगडावर टेकला, चंची सोडली आणि तंबाखू मळायला लागला.

"हे कुठल्या कलमात हाय?" गुणाजीने विचारलं.

"हे काय लिवायचं? जरा बसतो मी."

"किती बसतोस?"

उत्तर द्यायला भागोजीने पाण्याकडे पाहिलं. तंबाखू खाऊन, दोन पिंका टाकून होईपर्यंत बाहेरचं पाणी वीतभर उतरून आतल्यापेक्षा खाली गेलं होतं. खुणा त्याच्या बापाने कोरलेल्या, आणि बापालाही तंबाखूची सवय. कामचुकारपणा दिसेल म्हणून भागोजीने जी गोष्ट गाळली, नेमकी तीच कामाची होती.

गावकीपुढे त्याने सातवं कलम स्वतः वाचलं, "तिसऱ्या खुणेवर पाणी आल्यावर बसावे. तंबाखू खावी. मग फळी काढावी."

"जो खात न्हाय त्यानं काय करायचं, भागोजीदादा?" वेणूबाईने विचारलं. सगळे हसले, ती हसली नाही.

भागोजीने तिथेच ओळ खोडली आणि लिहिलं, "बाहेरचे पाणी आतल्याहून खाली जाईपर्यंत नुसते बसावे." पावसाने वेणूबाईच्या शेतातलं मीठ धुऊन नेल्यावर त्याने आपल्या शेतातली रोपं काढून तिथे लावली. स्वतःच्या हाताने, ओणवं होऊन.

पुढच्या वर्षी दुसरा डोळा. परत येताना बांधावरूनच वेणूबाईचं हिरवं शेत दिसलं. घरी न जाता तो आधी गुणाजीकडे गेला.

"काय अडलं न्हाय?"

"न्हाय."

"एकदाबी न्हाय?"

"न्हाय, दादा. कागद होता ना."

भागोजीला बरं वाटलं. वाटायला हवं होतं तितकं मात्र वाटलं नाही, हेही तो पुढे लोकांना हसत सांगायचा.