राक्षस मेल्यावर लागते ती ट्यून

आमचा अल्बम इंटरनेटवर आला, त्या रविवारी बोरिवलीच्या घरात दादा आणि मी अक्षरशः नाचत होतो. दादा गिटार वाजवतो, मी ड्रम. बँड मेटलचा, आणि अल्बममधल्या सगळ्या ट्यून मात्र आमच्या लहानपणच्या व्हिडिओ गेममधल्या. टीव्हीतून टिंगटिंग वाजायच्या त्याच, आता खरखरीत गिटार आणि धाडधाड ड्रमवर.

आई मेथी निवडत बसली होती. दादाने फोन स्पीकरला जोडला.

"अरे, शेजारचे येतील भांडायला!" ती ओरडली. पण दुसरी ट्यून सुरू झाली आणि तिचा हात थांबला.

"अगो, ह्यां पाण्याखालचां मा?" खूश झाली की ती मालवणीवर येते.

मी उडालेच. "तुला पाण्याखालची लेव्हल कशी माहीत?"

"कसं म्हणजे? तुम्ही शाळेत गेलात की दुपारभर मीच खेळायचे."

"आणि आम्ही खेळलो की बंद करा म्हणून ओरडायचीस!" दादा म्हणाला.

"मग? तुम्ही गेमचं मशीन गरम करून ठेवल्यावर मला कोण खेळायला देणार?"

हसून हसून आमची वाट लागली. अल्बम संपतो तो किल्ल्यातल्या राक्षसाशी होणाऱ्या लढाईवर. ती ट्यून थांबली, तरी आई कान देऊन बसलेलीच.

"पुढचं कुठंय? राक्षस मेल्यावर लागतं ते?"

आम्हाला त्या राक्षसाने दर वेळी मारलं होतं. त्याच्यापुढे काही वाजतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आई गुणगुणायला लागली. सावकाश, जरा लाजत. दादाने झटकन गिटार ओढली. "परत म्हण. ती शेवटची ओळ परत!" मी मेथीची परात रिकामी करून उलटी केली आणि ताल धरला.

पुढच्या शनिवारी अंधेरीच्या एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. आई पहिल्यांदाच आली. काळ्या टी-शर्टांच्या गर्दीत तिची पोपटी साडी मला ड्रममागूनही दिसत होती. पाण्याखालची ट्यून सुरू झाली तेव्हा तिचे दोन्ही अंगठे पर्सवर भराभर चालायला लागले.

सगळ्यात शेवटी दादा माइकवर म्हणाला, "हे अल्बममध्ये नाहीये. आईने शिकवलंय."

त्याने पहिले चार सूर छेडले आणि हॉल गायलाच लागला. शब्द नाहीत, नुसतं ला-ला-ला, पण सगळ्यांना पाठ! पोरं-पोरी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून डोलत होती. दादा वाजवता वाजवता माझ्याकडे वळून ओरडला, "अगं, हे सगळे जिंकले होते?"

म्हणजे अख्ख्या हॉलमध्ये हरलेले आम्ही दोघंच! मला इतकं हसू आलं की ताल घसरला, तो सावरायला मी झांजेवर असा दणका दिला की काठीचा तुकडा उडाला. आई केव्हाच गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी पोचली होती. हात वर करून ती मला ओरडून सांगत होती, "थांबू नको गो, वाजव!"