साहेबांच्या डोक्यावरचा पंखा

वीजकेंद्राच्या चिमणीच्या धुराखाली राहायचं, अंगणातल्या वाळवणावर राख झेलायची, आणि घरातला पंखा मात्र माशी निवांत बसेल इतका सावकाश फिरणार. हे ज्यांनी ठरवलं त्यांना एक उन्हाळा तिथे राहायला लावावं, असं मला अजूनही वाटतं. मी विजेची शास्त्रज्ञ. नोकरी नागपुरातल्या प्रयोगशाळेत, पण निम्मं आयुष्य गेलं ते वीज कोणाच्या वाट्याला किती येते हे मोजण्यात आणि त्यासाठी भांडण्यात. सहकारी म्हणत, बाईला वेड लागलंय. लागलंच होतं!

ते गाव पॉवर प्लांटपासून सायकलने जाण्याच्या अंतरावर. अख्ख्या गावाला एकच जुनी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि सरकारी दवाखानाही तिच्यावरच. दुपारी घरोघरी कूलर सुरू झाले की व्होल्टेज कोसळायचं आणि लसींचा फ्रीज बंद पडायचा. आसपासच्या गावांतली लेकरं त्या एका फ्रीजच्या भरवशावर. सिस्टर बिचारी बर्फाच्या पेटीत बाटल्या हलवत उन्हाळा काढायची. नवी डीपी द्या, एवढंच आमचं मागणं. सात वर्षं मी अर्ज केले, आकडे जोडले, मीटिंगांमध्ये घसा फोडला. उत्तर ठरलेलं, "मॅडम, आमच्या रेकॉर्डला व्होल्टेज ओके आहे." असणारच! मोजता कुठे? सबस्टेशनच्या दारात!

शेवटी एका मे महिन्यात वीज कंपनीचे एक साहेब गावात येऊन मोजायला तयार झाले. भर दुपारी आले, दवाखान्यात खुर्चीवर बसले, मीटर लावलं. दोनशे एकतीस व्होल्ट! पंखा असा भन्नाट फिरत होता की टेबलावरचे कागद उडायला लागले. साहेबांनी फॉर्मवर ‘समाधानकारक’ लिहिलं आणि माझ्याकडे पाहून हसले. ते हसू आठवलं तरी डोकं तापतं.

मी तणतणत बाहेर आले, तर गल्लीत एकाही कूलरचा आवाज नाही. पहिल्याच घरात शिरले. टिनाखाली एक बाळंतीण घामाने निथळत होती आणि घामोळ्यांनी लाल झालेल्या बाळाला पदराने वारा घालत होती.

"कूलर काहून बंद केला वं?"

"सरपंचानं सांगतलं ना मॅडम. साहेब येऊन राहिले, त्यायच्या डोक्यावर पंखा नीट फिरला पाहिजे म्हणे. साऱ्या गावानं बंद केले." आणि वर मलाच विचारते, "लागली ना त्यायले हवा?"

तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आला, सरपंचांचा आला, आणि तारीख गावाला आधी कळवून बसलेल्या माझ्या शहाणपणाचा तर सगळ्यात जास्त. "लावा सगळे कूलर! आत्ताच्या आत्ता!" मी गल्लीभर बोंबलत सुटले. लाज गेली खड्ड्यात.

परत आले तेव्हा साहेब निघण्याच्या तयारीत होते. सिस्टरने चहा पुढे केला म्हणून थांबले. कप अर्धा व्हायच्या आत पंखा मंदावला, मीटर एकशे साठच्या खाली उतरलं आणि फ्रीजची घरघर थांबली.

"हे तुम्ही घडवून आणलंत," साहेब म्हणाले.

"हो! लोक आपापल्या घरात राहतात, हे मी घडवून आणलं. लिहा तसं!"

"मॅडम, फॉर्मवर एकच रकाना आहे, आणि तो भरलाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात, कधी आवाज न चढवणारी सिस्टर पुढे आली. फ्रीजचं तापमान रोज लिहायचं रजिस्टर तिने त्यांच्यासमोर उघडून ठेवलं.

"मंग इथं बी तुम्हीच लिहा साहेब. फ्रीज ओके, लस ओके. अन् खाली सही करा. उद्या लेकरायले मी तुमच्या सहीवर टोचते."

साहेबांनी पेन उचललं, रजिस्टरकडे पाहिलं, पेन तसंच धरून ठेवलं. मग गुपचूप आपला फॉर्म ओढला, ‘समाधानकारक’ खोडलं आणि नवा आकडा लिहून त्याखाली सही केली.

जीपमध्ये चढताना मला म्हणतात कसे, "परिस्थिती इतकी वाईट होती, तर मॅडम, तुम्ही आधी सांगायचं ना!"

आधी! सात वर्षं मी काय भजन करत होते?