नरहर मास्तरांची राखेची रेघ

नरहर मास्तर गेल्याचं मला शोकसभेच्या पत्रिकेवरून कळलं. पत्रिका गुळगुळीत कागदाची. मास्तरांचा फोटो लहान आणि आमची जुनी शाळा आता चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचं नाव मोठं. ‘गणिताची गोडी लावणारे ऋषितुल्य शिक्षक’ असं छापलेलं. वाचून आधी हसू आलं, मग रडू. ज्या हेडमास्तरांनी नरहर मास्तरांना आमच्या गावातून घालवलं, त्यांचाच मुलगा आता अध्यक्ष होता आणि मास्तरांना ऋषी म्हणत होता. मेलेला माणूस उलट बोलत नाही... त्याला ऋषी म्हणायला काय जातं?

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव, चौथीपर्यंतची शाळा. हेडमास्तर स्वतःला ‘सदर मुदर्रिस’ म्हणवून घेत. उर्दू बेताचीच येई, पण शेरवानीची बटणं उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेली. परीक्षा जवळ आली की ते उजळणी घेत. म्हणजे काय, तर आम्हाला भिंतीकडं तोंड करून उभं करायचं आणि पाढे ओरडायला लावायचं. मधलाच एखादा आकडा विचारला की पोरगं गडबडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. भिंतीला मात्र सगळे पाढे पाठ झाले असतील.

नरहर मास्तर त्याच दिवसांत राखेचं घमेलं घेऊन अंगणात यायचे आणि आट्यापाट्यांचं मैदान आखायचे. प्रत्येक आडव्या रेघेवर, म्हणजे पाटीवर, एकेक जण हात पसरून उभा. एकाकडं पावकी, पुढच्याकडं निमकी, मग सवायकी, दिडकी, अडीचकी. शेवटची पाटी माझी, औटकीची, म्हणजे साडेतीनाच्या पाढ्याची. पाटी ओलांडायला येणाऱ्याला आमच्या खेळात शिवायचं नाही, गणित विचारायचं. उत्तर बरोबर आलं तर हात खाली घेऊन “जा पुढं” म्हणायचं, चुकलं की त्यानं मैदानाबाहेर जाऊन पुन्हा पहिल्या पाटीपासून यायचं. एकदा मास्तर स्वतःच खेळायला उतरले आणि माझ्यापाशी मुद्दाम अडखळले. मी लाजून हात खाली घेतला. मास्तर भयंकर चिडले.

“मास्तर हाय म्हणून सोडलंस व्हय? मग ही पाटी धरलीस कशाला?”

तेव्हापासून मी कुणालाच सोडलं नाही.

हेडमास्तरांना हा खेळ डोळ्यांत खुपायचा. पोरं खेळवायचा पगार घेतो, असं ते चारचौघांत म्हणत. त्या वर्षी त्यांनी मास्तरांना सगळ्या वर्गासमोर बजावलं, तपासणीला पोरं नापास झाली तर नोकरी गेली समजा. मास्तरांच्या पाठीशी ना कुणी अधिकारी, ना जमीनजुमला. आमच्या पाढ्यांवर त्यांचं पोट होतं.

शाळा तपासणारे मोहतमीम साहेब आले. हेडमास्तरांनी आम्हाला ओळीत उभं करून उर्दूत प्रश्न विचारले, तेही चुकीच्या उर्दूत. आम्ही मुके. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा मास्तरांनी परवानगी मागितली आणि राखेचं घमेलं आणलं. मघा थिजलेली पोरं आता गणितं सोडवत पळत होती. साहेबांनी खुर्ची पुढं ओढून घेतली.

इतक्यात हेडमास्तर साहेबांसाठी सरबताचं तबक घेऊन निघाले. शिपाई होता, पण ही सेवा दुसऱ्याच्या हातून कशी जाऊ द्यायची? ते नेमके मैदानातून, माझ्या पाटीवरून जायला लागले. मी हात पसरले.

“बाजूला हो,” ते म्हणाले.

“औटकी सात किती?”

त्यांचा चेहरा पडला. साहेब हसले. “हजरत, जवाब दीजिए. बच्ची पूछ रही है.”

हेडमास्तरांनी तबक सावरत पाय पुढं टाकला. चकाकत्या बुटांना राख लागली, तबकातलं सरबत सांडलं, आणि मला कोपरानं ढकलून ते पुढं गेले.

वर्ग पास झाला. तरीही महिन्याभरात मास्तरांची बदली झाली, पार जळकोटच्या पलीकडं, जिथं शाळेला धड छप्परही नव्हतं. निघताना ते आमच्या घरी आले. वडील मला रागे भरत होते, “हिच्यापायी झालं समदं.”

“न्हाय हो,” मास्तर म्हणाले. “मी कुठंबी शिकवीन. पण उद्या हिनं माणूस बघून हात खाली घेतला, तर माझं शिकवणं वाया गेलं.”

एवढंच बोलून ते गेले. मला त्यांच्याइतका मोठा माणूस पुन्हा भेटला नाही. अजूनही परीक्षा आल्या की गल्लीतल्या पोरांसाठी मी दारात राखेच्या रेघा ओढते. सून वैतागते.

शोकसभा त्याच शाळेच्या अंगणात होती. आता तिथं फरशी आहे. एकानं मास्तरांचं नाव चुकवलं, एकानं त्यांना भूगोलाचे शिक्षक केलं. मग अध्यक्ष आले, मागं हार घेतलेली माणसं. मी खुर्चीवरून उठून त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि हात पसरले.

“औटकी सात किती?”

ते फोटोवाल्याकडं बघून हसले. “आजी, बाजूला व्हा.”

साडेचोवीस. पण मी सांगितलं नाही, आणि हातही खाली घेतले नाहीत. ते खुर्च्यांना वळसा घालून व्यासपीठावर चढले आणि गणिताच्या गोडीवर बोलू लागले. त्यांचं भाषण संपेपर्यंत मी तिथंच, तशीच उभी होते.